ओझरचे हात आणि दुसऱ्याचा आराखडा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथेच बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने भरारी घेतली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ज्या कारखान्याला नाशिक जिल्हा आजही नुसतं ‘मिग’ म्हणतो, त्याचं एक पर्व संपलं आणि दुसरं सुरू झालं. या कारखान्यातून शेकडो मिग-२१, त्यानंतर १६५ मिग-२७ आणि २००४ पासून दोनशेंहून अधिक सुखोई-३० बाहेर पडली. इतकी लढाऊ विमानं बांधलेलं दुसरं गाव देशात क्वचितच असेल. तरीही साठ वर्षांत ओझरच्या स्वतःच्या आराखड्याचं एकही लढाऊ विमान उडालं नाही. हे असं का झालं, आणि तसं होणं अटळ होतं का, यावर दोन टोकाची मतं आहेत. ती दोन्ही मी इथे एका मामा-भाच्याच्या तोंडी घालतो. माणसं कल्पित आहेत, पण बाजू खऱ्या आहेत. मामा कारखान्याच्या बाजूने बोलतात, भाचा आराखड्याच्या बाजूने.

मामा म्हणतात: “अरे, आधी काळ बघ. पाकिस्तानला अमेरिकेकडून स्टारफायटर मिळालं होतं, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं. आपल्याकडे त्याला तोड नव्हती. ऑगस्ट १९६२ मध्ये रशियाशी मिगचा करार झाला, आणि दोन महिन्यांत चीनने हल्ला केला. म्हणजे करार झाला तेव्हा वेळ आधीच निघून चालली होती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, आणि ओझरला विमानाचा सांगाडा, कोरापुटला इंजिन, हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स अशी कामाची वाटणी झाली. आधी रशियातून आलेले सुटे भाग जोडायचे, मग मोठे भाग इथे करायचे, मग लहान भाग, आणि शेवटी कच्च्या मालापासून अख्खं विमान. १९७० पर्यंत आपण त्या शेवटच्या पायरीवर पोचलो. पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर १९७१ ला, मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला आणि दोन दिवसांत युद्ध संपलं. आराखडा कोणाचा होता हे त्या दिवशी कोण विचारत होतं? विमान वेळेवर हजर होतं, हे महत्त्वाचं.”

मामांच्या या म्हणण्यात वजन आहे, आणि ओझरकडे बाहेरून बघणारे टीकाकार ते नेहमी कमी लेखतात. मिलिमीटरच्या शतांशांत मोजायचं काम, पोलाद, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमच्या नाना जाती, प्रत्येक रिव्हेटची तपासणी, प्रत्येक भागाचा कागदोपत्री इतिहास, हे सगळं निफाड तालुक्यातल्या एका गावात पाच-सहा वर्षांत रुजलं. ही शिस्त बाजारात विकत मिळत नाही. प्रश्न इतकाच की ही शिस्त म्हणजेच ज्ञान, की ज्ञानाचा अर्धा भाग?

भाचा इथेच अडतो. “मामा, तुमच्या हातांविषयी माझं काही म्हणणं नाही. पण हातांना सगळं येत असूनही धंदा कसा बुडतो, ते मुंबईच्या गोदीने आपल्याला दोनशे वर्षांपूर्वीच दाखवलंय. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ब्रिटिश आरमारासाठी मलबारी सागवानाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली, १८१७ मध्ये ती पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. कारागिरीला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणतं हवं? पण तिचे नकाशे लंडनहून आले होते. पहिला संच ‘जावा’ नावाच्या जहाजावर होता, १८१२ च्या अखेरीस अमेरिकेशी झालेल्या लढाईत ते जहाज गेलं आणि नकाशेही गेले. मग दुसरा संच यायची वाट पाहावी लागली. सागवान इथे, सुतार इथे, गोदी इथे, आणि काम थांबलं कशासाठी, तर कागदासाठी. पुढे वाफेची आणि लोखंडी जहाजं आली, तेव्हा तर ती गोदी मागेच पडली. लाकूड घडवण्यात ती जगात पहिल्या रांगेत होती, पण पुढचं जहाज कसं असेल हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे कधीच नव्हता.”

या उदाहरणाला एक पुरवणी जोडायला हवी, कारण त्याशिवाय ते अर्धवट राहतं. ‘ट्रिंकोमाली’चा आराखडा मुळात इंग्रजांचाही नव्हता. १७८२ मध्ये त्यांनी ‘हेबे’ नावाची फ्रेंच नौका पकडली, तिची मापं घेतली आणि तिच्यावरून आपल्या युद्धनौकांचा एक अख्खा वर्ग बांधला. म्हणजे नक्कल करणं हा दोष नव्हता. इंग्रजांनीही नक्कलच केली होती. फरक असा की त्यांच्या आरमाराने ती नक्कल स्वतःच्या आराखडा-कार्यालयात केली आणि त्या मापांत आपल्या सोयीने फेरफार केले. मुंबईला मात्र तयार कागद मिळाला. वाडिया घराण्यातल्याच अर्देशीर करसेटजींनी मुंबईत वाफेची बोट बांधून दाखवली आणि १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, म्हणजे बुद्धीही इथे कमी नव्हती. कमी होती ती निर्णय घेण्याची जागा.

मामांना हे पटत नाही, आणि त्यांचा आक्षेप सरळ आहे. “तो इंग्रजांचा अंमल होता. स्वतंत्र देशाला ते उदाहरण कसं लागू होईल? आणि लाकडी जहाज कुठे, जेट विमान कुठे?” आक्षेप योग्य आहे, म्हणून उदाहरणही स्वतंत्र भारतातलंच घेऊ. तेही मुंबईचंच आहे.

सरकारने माझगाव डॉक १९६० मध्ये ताब्यात घेतली. मिगचा कारखाना उभा राहत होता त्याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या मध्यावर, व्हिकर्स आणि यारो या ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने तिथे लिअँडर जातीच्या फ्रिगेट बांधायचं ठरलं. त्याआधी स्वतंत्र भारतात युद्धनौका म्हणून ‘अजय’सारखी लहान गस्ती नौकाच काय ती बांधली गेली होती. पहिली फ्रिगेट ‘निलगिरी’ ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. परवाना परदेशी, आराखडा परदेशी, यंत्रं बहुतांश परदेशी. इथवर ओझर आणि माझगाव यांच्यात काहीच फरक नाही. फरक पुढे पडतो. सहा लिअँडर बांधल्या गेल्या, पण सहाही एकसारख्या नाहीत. शेवटच्या दोन, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’, यांच्यात मोठं सी-किंग हेलिकॉप्टर सामावेल असे बदल केले गेले, आणि मूळ आराखड्यात ते नव्हतं. त्यानंतर नौदलाच्या स्वतःच्या आराखडाकारांनी तोच सांगाडा लांब-रुंद केला, वाफेची तीच यंत्रणा ठेवली, एकाऐवजी दोन सी-किंगची सोय केली, रशियन क्षेपणास्त्रं आणि पश्चिमेकडची रडारं एकाच जहाजावर बसवली, आणि १० डिसेंबर १९८३ रोजी ‘आयएनएस गोदावरी’ नौदलात आली. नाशिकच्या नदीचं नाव असलेली ही युद्धनौका भारतीय आराखड्याची पहिली फ्रिगेट ठरली. निलगिरीपासून गोदावरीपर्यंत साडेअकरा वर्षं लागली. त्याच काळात ओझर मिग-२१ च्या एका प्रकारावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलं, आणि प्रत्येक बदलाचा कागद मॉस्कोहून आला.

भाच्याचा मुद्दा इथे सिद्ध झाल्यासारखा वाटेल, पण मामांचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद अजून यायचा आहे. “जहाज लांब करता येतं रे. दोनशे टन वजन वाढलं तर ते थोडं हळू चालेल, बुडणार नाही. विमानात दोनशे किलो वाढले तर विमानाची जातच बदलते. आणि इंजिन? नौदल आजही परदेशी टर्बाइन बसवतंच की. जहाज इंजिनाभोवती जुळवून घेतं, लढाऊ विमानाला ती मुभा नाही. स्वतःच्या आराखड्याचं म्हणशील तर मारुत झालंच होतं. बंगळूरला कुर्ट टँकसारखा जर्मन आराखडाकार आणला, १७ जून १९६१ ला मारुत उडालं, १४७ विमानं बांधली. काय झालं? हवं तसं इंजिनच मिळालं नाही. ऑर्फियस नावाचं जे बिन-आफ्टरबर्नरचं इंजिन हाती होतं त्यावर ते चालवलं, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावर थांबलं. मिग आणलं नसतं तर १९७१ मध्ये काय घेऊन लढलो असतो?”

हा आक्षेप अर्धा खरा आहे. लढाऊ विमान जहाजापेक्षा कठीण आहे, यात वाद नाही. १९६२ मध्ये मिग घेणं चूक होतं, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो निर्णय योग्य होता. पण मारुतची गोष्ट मामा सांगतात त्यापेक्षा वेगळं काही शिकवते. ऑर्फियसची अधिक ताकदीची आवृत्ती विकसित करण्याचा खर्च उचलायला आपण तयार झालो नाही, म्हणून ते इंजिन मिळालं नाही. म्हणजे जिथे पैसा घालायला हवा होता ती नेमकी जागा आपण सोडली. आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुतही लढलं. पुढची आवृत्ती काढण्याजोगं ते विमान होतं. ती निघाली नाही, कारण हवाई दलाला तयार, सिद्ध झालेलं विमान परदेशातून मिळत होतं आणि त्या सोयीपुढे स्वतःच्या अपुऱ्या विमानासाठी थांबण्याचं कारण कोणालाच दिसलं नाही. नौदलाच्या आणि हवाई दलाच्या वृत्तीतला भेद मला इथे दिसतो. नौदलाने आराखड्याची माणसं आपल्या गणवेशात, आपल्या संचालनालयात ठेवली. जे जहाज समुद्रात न्यायचं तेच कागदावर काढणारा अधिकारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होता. हवाई दलाकडे बराच काळ तसं संचालनालय उभं राहिलं नाही. ते ग्राहक राहिलं, चोखंदळ ग्राहक. चोखंदळ ग्राहकाला दुकानात जे उत्तम असेल ते मिळतं, पण दुकान त्याचं होत नाही.

भाचा इथे एक गोष्ट जोडतो, आणि ओझरच्या इतिहासात ती सगळ्यात कमी बोलली जाते. “मामा, आपल्याकडे विमानाचा आराखडा करणारी माणसं नव्हती असं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली, दीड-दोन वर्षांत सरकारने ती ताब्यात घेतली. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतल्या गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकून आले होते. त्यांच्या आराखड्यावरचं एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान १९५१ मध्ये उडालं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत आपलं विमान. मग मिगसाठी १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया नावाची वेगळी कंपनीच काढली. १ ऑक्टोबर १९६४ ला दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली, हे खरं. पण कंपनी एक झाली म्हणून जागा एक होत नाहीत. घाटग्यांची परंपरा बंगळूरला राहिली, मिग ओझरला आलं. जिथे सगळ्यात आधुनिक विमान रोज उघडून पुन्हा जोडलं जात होतं, तिथे ते पाहून प्रश्न विचारणारा आराखडाकार नव्हता. आणि जिथे आराखडाकार होता, तिथे ते विमान नव्हतं.”

माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा हाच आहे. परवान्यावर केलेलं उत्पादन हे शिक्षण ठरतं की नुसती मजुरी, हे परवान्यावर अवलंबून नसतं. ते दोन गोष्टींवर अवलंबून असतं: जोडणीच्या हँगरशेजारी आराखड्याची खोली आहे का, आणि त्या खोलीतून निघालेला पहिला, थोडा कच्चा नमुना विकत घ्यायला ग्राहक तयार आहे का. माझगावला दोन्ही होतं. ओझरला बराच काळ दोन्ही नव्हतं.

या सिद्धांताला एक अडचण आहे, आणि ती रेल्वेची. संशोधन आणि आराखड्याची स्वतःची संस्था रेल्वेकडे १९५७ पासून लखनौला आहे. तरीही पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ मध्ये स्विस कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला प्रवासी डबा थेट २०१८ पर्यंत बनत राहिला. साठ वर्षांहून अधिक काळ देशाने त्याच जातीच्या डब्यातून प्रवास केला. मधे एलएचबी डबे आले, तेही जर्मन आराखड्याचे. मामा म्हणू शकतील, आराखड्याची संस्था असूनही काय साधलं? उत्तर असं की संस्था असणं पुरेसं नाही, नवं मागणारा ग्राहकही लागतो, आणि रेल्वे ही स्वतःच कारखाना व स्वतःच ग्राहक असल्यामुळे तो दाब कोणी आणला नाही. जेव्हा आणला, तेव्हा त्याच पेरांबूरच्या कारखान्याने सुमारे दीड वर्षात वेगळं इंजिन न लागणाऱ्या गाडीचा नवा संच बांधून दाखवला. १५ फेब्रुवारी २०१९ ला तो ‘वंदे भारत’ म्हणून धावू लागला. इतकी वर्षं साठलेलं कसब मागणी येताच वर आलं. (एक जाता जाता: वालचंदांनी उद्योगाची सुरुवात रेल्वेच्या कंत्राटांपासून केली, १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची जहाजं समुद्रात नेली आणि मग विमानाचा कारखाना काढला. आणि त्याच बंगळूरच्या कारखान्याने महायुद्धानंतर विमानांचं काम आटल्यावर रेल्वेचे प्रवासी डबे बांधले. ही तिन्ही क्षेत्रं आपल्याकडे पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेली आहेत, फक्त त्यांचा इतिहास एकत्र लिहिला जात नाही.)

ओझरमध्ये असंच साठलेलं कसब आहे याचा पुरावाही आहे. जुन्या मिग-२१ बिस विमानांपैकी जवळपास सव्वाशे विमानांना नवं रडार आणि नवी शस्त्रं देऊन ‘बायसन’ करण्याचं काम इथे झालं. त्याहून बोलका पुरावा ब्राह्मोसचा. अडीच टनांचं हे क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली टांगायचं, तर विमानाचा सांगाडाच मजबूत करावा लागतो. तो बदल इथे झाला, २५ जून २०१६ रोजी ब्राह्मोस लावलेल्या सुखोईने ओझरहून पहिलं उड्डाण केलं, आणि २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर ते क्षेपणास्त्र विमानातून यशस्वीपणे डागलं गेलं. माझगावने शेवटच्या दोन लिअँडरमध्ये जे केलं, तेच हे काम: दुसऱ्याच्या आराखड्यात हात घालून तो आपल्या गरजेप्रमाणे बदलणं. फक्त इथे त्या टप्प्यावर यायला पन्नास वर्षं लागली.

मामा यावर म्हणतील, “मग झालं की! तेजस आपलं आहे, आणि आता ते ओझरला बनतंय. तुझी तक्रार संपली.” मला वाटतं, खरा धोका आत्ता आहे. तेजसचा आराखडा भारतीय आहे, पण तो ओझरचा नाही. तो बंगळूरच्या विमान विकास संस्थेचा आहे. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं आहे, आणि ते वेळेवर न आल्यामुळे विमानं रखडली हे देशाने नुकतंच पाहिलं आहे. २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ अशी १८० तेजस मार्क-१ए विमानांची मागणी नोंदवलेली आहे. ओझरची जोडणी-साखळी त्यांतली वर्षाला आठ विमानं करण्याच्या क्षमतेची. आकडा मोठा आहे आणि तो पुरा करण्याच्या घाईत ओझरला पुन्हा एकदा फक्त जोडणारं गाव करून टाकणं फार सोपं आहे. या वेळी कागद मॉस्कोऐवजी बंगळूरहून येईल, एवढाच काय तो फरक.

मामांची बाजू वेळेची आहे, भाच्याची भवितव्याची. १९६२ मध्ये वेळ महत्त्वाची होती आणि मामा बरोबर होते. १९७२ नंतर, युद्ध जिंकल्यावर, कच्च्या मालापासून विमान बांधता येऊ लागल्यावर, भाच्याचं ऐकायला हवं होतं. ते ऐकलं नाही, ही चूक ओझरच्या कामगारांची नव्हे, दिल्लीची होती. म्हणून नाशिकच्या खासदारांनी, इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि सातपूर-अंबडच्या सुटे भाग करणाऱ्या उद्योजकांनी यापुढे ‘ओझरला किती विमानांचं काम मिळालं’ एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. तेजसच्या पुढच्या आवृत्तीचे किती आराखडाकार ओझरला बसणार आहेत, आणि हवाई दलाचे किती अधिकारी त्यांच्या शेजारी बसणार आहेत, हा प्रश्न संरक्षण मंत्रालयाला विचारावा, लेखी विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावा.